दुसरा निरीक्षक

गाईड म्हटलं की बाबांना आठवतं
दहावीच्या दप्तरातलं पिवळ्या पानांचं पुस्तक,
प्रश्नाखाली तयार उत्तर.
मी सांगितलं, माझ्या गाईड एक बाई आहेत, सुदानच्या,
आणि त्यांच्याकडे एकही उत्तर नाही.
"मग पगार कसला घेतात?" बाबा म्हणाले
आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं.

डॉ. इब्तिहाल मिरघनी, खोली क्रमांक दोनशे अकरा.
टेबलावर वाळलेल्या खजूरबिया,
कोपऱ्यात एसीच्या थेंबांनी भरत आलेली बादली.
पहिल्या दिवशी मी वीस पानांचा आराखडा नेला.
बाईंनी शिसपेन्सिलीने एक वाक्य ठेवलं,
बाकी सगळ्यावर तिरकी रेघ.
"हे तुला वर्षभर पुरेल."

वाक्य असं:
पुलाजवळच्या तिवरांची श्वासमुळं
खाडीच्या तोंडापाशी वाढणाऱ्यांपेक्षा दाट असतात का?
त्यातला 'का' त्यांनी दोनदा गिरवला.

मग उम्म अल क्वैन. शनिवार, ओहोटीची वेळ.
अजमानहून जाताना टॅक्सी मिळायची,
येताना माझे पाय बघून कुणी थांबत नसे.
मीटर बाय मीटरची पांढऱ्या पाइपची चौकट
चिखलावर टाकायची
आणि आत मोजायची उलटी उगवलेली मुळं,
बोटाएवढी, हवा प्यायला वर आलेली.
पुलाजवळ चारशे बारा, तीनशे सत्त्याण्णव, चारशे चाळीस.
तोंडापाशी तीनशे दहा, तीनशे दोन.
निळे खांब उंच, लाल खांब बुटके.
तो आलेख फोनवर उघडा ठेवूनच मी झोपले.

बाईंनी आलेख पाहिला. चहा ओतला.
कुणी मोजलं? मी.
दुसऱ्यांदा? मीच.
पुलाजवळ किती वाजता? सकाळी सातला.
आणि तोंडापाशी?
उन्हं चढल्यावर. पाणी परत फिरताना. घाईत.
"ज्याला उत्तर ठाऊक नाही
असा एक माणूस घेऊन जा."

असा माणूस घरातच होता.
बाबा जबल अलीच्या यार्डात स्टोअरकीपर.
सव्वीस वर्षं परांचीचे पाइप मोजतात,
आलेले, गेलेले, वाकलेले.
एका पाइपासाठी रात्री बाराला परत गेलेत.
मी काही सांगितलं नाही. फक्त जागा दाखवली.
सेफ्टी शूज, पँट गुडघ्यापर्यंत.
चिखलाचा वास घेऊन म्हणाले,
"अगो, ही तर आपलीच खाडी."
मग चौकटीवर आडव्या सुतळ्या बांधल्या
आणि दहा मुळं झाली की
एक काबुली चणा डाव्या खिशातून उजव्या.

तीनशे एकसष्ट. तीनशे अठ्ठावन्न. तीनशे त्रेसष्ट.
पूल असो की तोंड.
माझा उंच निळा खांब
म्हणजे सकाळी सातचा माझाच उत्साह होता.

गाडीत बाबा बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "मी परत मोजतो.
सुटली असतील काही."
एका पाइपासाठी बाराला परत गेलेला माणूस
आयुष्यात पहिल्यांदा
चुकीचा आकडा द्यायला तयार होता.

बाईंनी तो चिखलाळलेला कागद दोन्ही हातांनी धरला.
त्यांच्या स्वतःच्या प्रबंधाची प्रत वद मदनीतल्या घरात आहे
आणि त्या घरात आता कोण आहे ते माहीत नाही,
हे त्यांनी साखर किती विचारावी तसं सांगितलं.
"फरक नाही, असं लिही.
पण चाळीस पानांत लिही.
आणि ते चणे? तेही."

पान अकरा, कार्यपद्धती, परिच्छेद तिसरा:
दुसरा निरीक्षक विश्राम कोचरेकर, चण्यांच्या साहाय्याने.
तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी
नेमकं तिथेच बोट ठेवलं.
मी बोलत राहिले. किती वेळ, आठवत नाही.
बाई खिडकीतून बादलीकडे बघत होत्या.

रात्री बाबांनी चष्मा लावून ते पान वाचलं,
परत वाचलं, बोट ठेवून,
मग म्हणाले, इंग्रजी आडनावात
एक अक्षर जास्त पडलंय.
मी मोजलं.
पडलं होतं.