सत्तर पानांचा पुडा

नागपूरहून आणलेलं पुस्तक
देवकला मावशीच्या शेजारी, पोत्यावर.
तिचे हात तेंदूनं काळे,
ती त्याला शिवत नाही.

“सरकार बरं की शेठ?” मी विचारतो.
ती पळसाचा वाक दातांनी ओढते.

“सोसायटीचा मुन्शी मोजे नीट.
पैसा मातर रोवणी झाल्यावर,
अन् बोनस आला तो मेलेल्या सासूच्या नावानं.
ठेकेदार शनिवारी रोख देते.
शंभरातले वीस पुडे फाटके म्हणून फेकते,
अंधार पडला का तेच गाडीत भरते.”

फडीवर ऊन चढतं. ती पान पानावर ठेवते,
देठ एका बाजूला.

“यायले वाघानं नेलं,
तवा सरकारचा चेक आला, दोन वर्सानं.
ठेकेदार त्याच सांजेले आला,
तेरवीचे तांदूळ घेऊन.
मंग हिशोबात कापले.”

बराच वेळ नुसता पानांचा आवाज.

“पानं किती गा तुया पुस्तकात?”
“दोनशे दहा.”
“मंजे तीन पुडे,” ती म्हणते,
“ठेकेदार दोनच धरन.”

आणि वाकाचा तुकडा माझ्याकडं फेकते,
“बसला काऊन? बांध.”