एकतीस मीटर

दर गटामागे दहा रुपये मिळतात मला
आणि मोबाइल माझाच.
पोळा होऊन आठवडा झाला. दुपारी सर्व्हर झोपतो,
म्हणून सकाळी सहालाच कवडूकाकांच्या धुऱ्यावर उभी,
सलवारीला आघाड्याची कुसळं.

गट नंबर एकशे अकरा. हंगाम खरीप. पीक कापूस.
सिंचनाचं साधन विचारलं
तर काकांनी नुसती मान वर केली.
मी ‘कोरडवाहू’ दाबलं.

फोटो काढायला गेले तर फोन म्हणाला,
आपण निवडलेल्या गटापासून एकतीस मीटर दूर आहात.

“कोन दूर आहे?”
“आपण.”
“मी तं माह्या वावरातच उभा हावो ना, बाई.”

खरंच होते.
कमरेएवढी पऱ्हाटी, पात्यांनी लदलेली,
पिवळी फुलं आजची, गुलाबी कालची.

नकाशा जुना आहे.
मोजणीवाल्यांनी साखळी ओढली तेव्हा
नाला बाभळीच्या त्या अंगानं जायचा.
मग एका वर्षी, माझा जन्म व्हायचा होता तेव्हा,
तो रात्रीतून उठला
आणि या कुशीवर येऊन निजला.
फेरफाराचा अर्ज नाही,
हरकतीची मुदत नाही, तलाठ्याची सही नाही.
तेव्हापासून कागदावर वावर आहे तिथं पाणी वाहतं,
कागदावर पाणी आहे तिथं काकांचा कापूस.

आणि नियम आहे. ग्रामसभेत मीच वाचला होता,
फळ्यापुढं उभी राहून, मोठ्यानं:
नाल्याच्या पात्रात पेरायचं नाही,
काठ मोकळा सोडायचा,
काठावरचं झाड तोडायचं नाही.
नियम चांगला आहे. मासोळ्यांसाठी चांगला,
आमच्या सगळ्यांच्या विहिरींसाठी चांगला.
फक्त नाल्याला तो कोणी वाचून दाखवला नाही.

मग आम्ही दोघं फोनच्या मागं चालत सुटलो.
सत्तावीस. एकोणीस.
लव्हाळ्यातून वाट काढत अकरा.
गिरजाकाकू काठावरून ओरडल्या,
“पोट्टीले कुठं नेता बुडवाले!”
चपला हातात घेतल्या. चार.
पाणी पोटरीला, मग गुडघ्याला,
तळाशी मऊ काळी माती बोटांमधून वर येत होती.
हीच त्यांच्या आज्यानं वखरलेली असणार.
एक ढोकरी उडाली.
फोनवर हिरवा गोल आला:
आपण आपल्या शेतात आहात.

पीक निवडा.
यादी उघडी: कापूस, तूर, सोयाबीन, मूग,
खाली खाली जात शेवटी पडीत.
पडीत लिहिलं तर अतिवृष्टीची मदत नाही,
भावातल्या फरकाचे पैसे नाहीत,
खात्यात काहीच नाही.
कापूस लिहिला तर समोर गढूळ पाणी.

काकांनी पँट मांडीपर्यंत दुमडली होती.
“पानीच लिह्य,” ते म्हणाले.
“होलीलोक टिकते.”

मी वळले. पाय रोवले,
फोन डोक्याच्या वर धरला
आणि नाल्यातून कापसाचा फोटो काढला.
ऐन वेळी गिरजाकाकू मधे आल्या, पदर सावरत.
दुसरा काढेपर्यंत गोल पुन्हा लाल झाला असता.
राहू दिल्या.

खोटं काय होतं त्यात?
कापूस खरा. काकू खऱ्या.
अक्षांश-रेखांश सरकारचे.

छायाचित्र जतन झाले. रेंज आल्यावर पाठवले जाईल.
रेंज टेकडीवरच्या मारुतीपाशी येते,
तीही वारा असला तर.

काकूंनी अंबाडीची जुडी दाखवली, “घेऊन जाजो.”
मी हो म्हणाले आणि बोटानं पडदा पुढं सरकवला.
गट नंबर एकशे बारा, चिंधाबाई.
त्या तर पार पलीकडं निंदत होत्या,
त्यांचा लाल पदर इथून दिसत होता.
अंतर, फोन म्हणाला, शून्य मीटर.
मी अजून पाण्यातच होते.