शेऱ्याच्या रकान्यात

झाड क्रमांक चारशे सतरा. शिरीष.
सिव्हिल लाइन्स, बंद छापखान्याच्या कुंपणाला लागून.
घेर तीन मीटर दहा.
अर्ज कुणा बोरीकर वकिलांचा:
झाडाखाली गाडी ठेवली की टपावर
कोकोसारखी तपकिरी भुकटी बसते,
पुसली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा.
तरी कृपया तोडणे.

आज मारबत. ऑफिस निम्मं रिकामं.
इतवारीतला गलका इथवर येत नाही,
मला मात्र ऐकू येतो,
काकाच्या खांद्यावर बसून ऐकलेला:
खोकला घेऊन जा गे मारबत,
ढेकूण, मोंगसे घेऊन जा,
रोगराई घेऊन जा.
आणि काळी नि पिवळी, दोघी डुलत,
साऱ्या शहराचं नको ते पदरात घेऊन
जळायला निघालेल्या.

मडावी मामा बुंध्याभोवती फिरतात,
हातात लाकडी मोगरी.
ठण्. ठण्. ठण्.
मग उत्तरेला, गुडघ्याच्या उंचीवर,
भद्.
मामा सालीला कान लावून उभे राहतात,
आत कुणी बोलतंय
आणि मधेच टोकणं बरं नाही, असे.

तिथेच ती अळंबी. पोळपाटाएवढी,
वरून लाख फासल्यासारखी चकचकीत,
कडेला ओली, पांढरी.
खाली चाळलेल्या कणकेसारखा भुसा:
भुंग्याच्या अळीने दोन पावसाळे
अंधारात खाऊन काढलेला रस्ता.
सालीवर उधईचे मातीचे बोगदे.
एक मी नखाने फोडला.
पांढरी गर्दी थबकली.
मग एकीने तोंडात ओला कण आणला
आणि माझी चूक लिंपायला घेतली.

काटोलला आमच्या संत्र्याच्या खोडांना
बाबा दरवर्षी बोर्डो फासायचे,
मांडीपर्यंत निळसर मोजे घातलेली झाडं
ओळीने उभी, प्रार्थनेला उभी असावीत तशी.
डिंक गळताना दिसला
की घरात सगळे हळू बोलायचे.
बुरशी म्हणजे वैरी,
हे मला बाराखडीच्या आधी आलं.
म्हणून पेन आपोआप
'धोकादायक'कडे वळलं.

"थांबा न मॅडम. वरतं पाहा."
वर नवी पालवी, बेफिकीर.
ढोलीच्या तोंडाशी चिखलाचा तुटका कठडा:
उन्हाळ्यात धनेशाने इथे मादी कोंडून
तिला फटीतून भरवलं असणार.
"आतून पोकळ हाय, मेलं नाही.
थे आता एकटं नाही रायलं.
इतक्या जनांले जेवू घालते,
त्याले बिमार म्हनता का म्हातारं?"

रकाने तीनच. निरोगी, रोगट, धोकादायक.
आणि रस्त्याच्या कडेने
दप्तरं घेऊन दोन मुलं चालली होती,
अगदी त्याच फांदीखालून.
झाडाची बाजू घेणं सोपं असतं
खाली कुणी नसेल तेव्हा.

मी टेप पुन्हा काढला. कल मोजला.
शेऱ्याच्या रकान्यात, अक्षर बारीक करत, लिहिलं:
रस्त्यावरच्या दोन फांद्या उतरवाव्यात.
बुंधा ठेवावा. कुंपण चार फूट सरकवावं.
गाडी दुसरीकडे लावावी.
शेवटची ओळ खोडली. पुन्हा लिहिली.

परतताना काटोल नाक्यावर पंचफुला कुमरे
पळसाच्या पानावर टेकोडे घेऊन बसलेली.
"वारुळाचे हायत, आजचेच."
उधईने जमिनीखाली, आपल्या बागेत,
कुणाच्याही परवानगीशिवाय पिकवलेले.
घासाघीस न करता घेतले.
माती धुतली. लसूण, तिखट. एवढंच.

रात्री फाइल उघडली
तर शेऱ्यावर तपकिरी भुकटी.
सवयीने फुंकर मारली.
खिडकी उघडी होती.
बाहेर शेजाऱ्यांचा गुलमोहर,
तरणा, निरोगी,
परवाच नोंदवलेला.