शाळेचं कासव

शाळा बंद झाली. चार मुलं बसनं दुसऱ्या गावी जाऊ लागली.
कासव कुणाच्याच यादीत नव्हतं,
म्हणून शिपाई नीग्लासनं ते कोटाच्या आत घालून घरी आणलं.

उत्सयोकीत सूर्य नोव्हेंबरातच हात वर करतो.

त्यानं आधी टाकीवरची काच काढली.
काचेतून उजेड येतो, दुकानातली आइला म्हणालेली,
हाडांना लागतं ते बाहेरच राहतं.
मग दगडापासून दिव्यापर्यंत मोजलं: एक वीत, चार बोटं.
दगडावर बत्तीस अंश. पलीकडच्या पाण्यात पंचवीस.
सकाळी आठला टायमर टक् करतो
आणि घरात तेवढ्याच जागेत उजाडतं.

शाळेतला जुना दिवा वर्षाचा होऊन गेलेला. पेटतो अजून,
पण त्यातलं ऊन सरलंय,
नुसतं दिसणं उरलंय.
टाकवेना. स्वयंपाकघरात लावला:
मला कॉफी दिसली की झालं.

तिसऱ्या दिवशी कासवानं मान काढली,
मागचा एक पाय लांब ताणला, बोटं पसरली,
शेवटच्या तासाला कुणी आळस द्यावा तसा.

नीग्लासनं खुर्ची ओढली.
दाराकडे एकदा पाहिलं,
आणि डाव्या पायाचा मोजा काढला.