नववा थर

भर एप्रिलात, ऊन पारोळ्याच्या पत्र्यांवर तापत असताना
दोघी जावा एकाच रिक्षातून उतरल्या.
एका टोकाला कोकिळा, दुसऱ्या टोकाला निर्मला,
मध्ये गोधडी,
अंतरपाटासारखी ताणून धरलेली.

"हाई कापी दे वं सुपडामाय,
बराबर अर्धी-अर्धी."
भांडी झाली, बैल झाले,
कपाशीच्या वावरात बांध पडला,
आता एवढीच राहिली म्हणे.

म्हटलं, गोधडी म्हणजे काही वावर नाही.
वावर मधोमध चिरलं तरी दोन्हीकडे माती निघते.
हिला कात्री लावली की कडेचा दोरा मोकळा,
तो अडकणार पांघरणाऱ्याच्या अंगठ्यात,
आणि पोळ्यापर्यंत चिंध्या हातात.
पण कोकिळानं मापाला दोरी आणलेली,
दोरीच्या मध्यावर गाठसुद्धा.

मी कात्री बाजूला सारली.
दाढीचं अर्धं ब्लेड घेतलं, बाभळीच्या काडीत खोचलेलं,
आणि काठापासून टाके उसवायला बसले.
उसवायचे पैसे वेगळे, हे आधी सांगून.

वर सुरतेची साडी. बाजारात किलोवर मिळते ती.
सुईखालून सुळकन निसटते,
कुठल्याही थराशी तिचं जमत नाही.
ती कोणीच मागितली नाही.
तिच्याखाली शाळेचा सदरा, खिशासकट,
खिशात शाईचं वाळलेलं तळं.
"मना गोटूचा," कोकिळा म्हणाली. एक ढीग.
मग आखाजीला माहेरहून आलेलं पातळ,
निर्मलानं नुसता हात पुढे केला. दुसरा ढीग.
सासऱ्याचं धोतर मात्र उभं फाडलं, निम्मं-निम्मं,
ते दोघींनाही नको होतं.
साखरेचं पोतं, त्यावर कारखान्याचं अर्धं नाव.
घाम लागला की दोरा ओढताना कुरकुरतो,
आज तर सगळंच कुरकुरत होतं.

सहावा थर उलटला
आणि तळहाताएवढी झबली निघाली.
तीन. पिवळी. एकाचाही बंद झिजलेला नाही.
मी विचारलं, "कोनं शे हाई?"
निर्मला निंबाच्या खोडाकडे बघत बसली.
कोकिळानं ती उचलली, झटकली नाही,
आपल्या ढिगात घातली नाही, तिच्या ढिगातही नाही,
मांडीवर ठेवली, आणि वर पदर ओढला.
तेव्हाच कळलं, ती तिथं कोणी लपवली होती
आणि कोणापासून.

रस्त्यानं कुल्फीवाला घंटी वाजवत गेला.
कोणी बोललं नाही.
मग निर्मला म्हणाली, अगदी हळू,
"तुन्ही गोधडीमा घाल. मझार."

सातवा, आठवा थर भराभर निघाले,
चौकड्याचा पंचा, उशीचे अभ्रे,
आता कोणी मोजत नव्हतं.

नववा थर म्हणजे गोधडीच होती.
जुनी, पातळ, वाटीभर पाण्यात मावेल अशी.
टाके जवारीच्या दाण्याएवढे, सगळे डावीकडे कललेले.
मी डावखुरी.
हात आधी ओळखून बसला, डोळे मागून आले.
यांची सासू तरणी होती तेव्हा,
मीही, आणि एका गोधडीचा दीड रुपया मिळायचा.
तो दीड रुपया तिनं बुडवला होता.

दोन गोधड्या होतील, मी सांगितलं,
वरून नवं कापड लागेल, पंधरा दिवस लागतील.
नववा थर वाटणीत धरू नका,
तो माझा. मजुरी बाकी आहे.
दोघी एकमेकींकडे बघून पहिल्यांदा हसल्या,
मग हसल्याचा राग आल्यासारख्या गप्प झाल्या.

जाताना पुन्हा एकच रिक्षा केली.
भाडं कोणी द्यायचं
यावर वळणापर्यंत आवाज येत होता.

मी नववा थर जमिनीवर अंथरला,
चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले,
आणि त्यावर बसून
पहिल्या गोधडीचा कोपरा दुमडला.
झबली मध्ये.
त्यांच्याभोवती टाके जरा बारीक.