पंच्याऐंशी सेंटिमीटर

न्हाणीघरात दोन माणसं एकदम मावत नाहीत.
तरी जागा तिथेच ठरली,
कारण नळ तिथे, आणि घरातली एकुलती एक सपाट गोष्ट,
वॉशिंग मशीन, तेही तिथेच.
जुन्या कपाटाची पाठ काढली, कापली,
तीन बाजूंना कठडा ठोकला,
चौथी माझ्या पोटासाठी मोकळी.
कालिना दारातून म्हणाली, "कठडा वाकडा आहे."
होता.

डावीकडे कोरडे डायपर, उजवीकडे
पायाने उघडणारा डबा.
मलमाचं झाकण आधीच सैल,
कारण रात्री दोन वाजता एका हाताने
जगातलं कुठलंच झाकण उघडत नाही.
थर्मासात कोमट पाणी, कापसाचे बोळे.
आणि आईने पाठवलेली बाळुती,
माझीच, उकळून उकळून मऊ पडलेली,
एकेका कोपऱ्यात लाल दोऱ्याने माझ्या नावाचं पहिलं अक्षर.
तेव्हा ती स्वयंपाकघरभर दोरीवर वाळायची
आणि बाबा त्यांच्याखालून वाकून चहाला यायचे.
"तुमचे कागदी असू देत," आई फोनवर म्हणाली,
"ही खांद्यावर टाकायला ठेव."

मी ग्दिनियाच्या बंदरात क्रेन चालवतो.
चाळीस मीटर वर काचेची खोली,
दोन पायांच्या मधून दिसणारं जहाज.
तिथेही सगळं हाताशी लागतं, उठायची सोय नाही.
आणि एक नियम, म्हाताऱ्या ओत्तोनने पहिल्या दिवशी सांगितलेला:
ओझं हवेत असताना
दांड्यावरचा हात काढायचा नाही.
कुणी हाक मारो, फोन वाजो, नाकाला खाज सुटो.
बारा वर्षं पाळला.
कंटेनर असा टेकवतो
की त्याच्या पोटातलं पाणी हलत नाही.

तोच नियम घरी आणला.
डावा तळवा यागोदाच्या छातीवर
(छाती संपते, तळवा उरतो),
उजव्या चिमटीत दोन्ही घोटे,
उचल, पूस, सरकव, लाव.
पहिल्या आठवड्यात अकरा मिनिटं.
मग सात. आता चार,
आणि त्यात माझी बाही भिजवायचा वेळ धरलेला.

मशीन चालू असलं की ती रडायची थांबते.
फळी थरथरते, तिचे गाल थरथरतात,
डोळे मोठे करून ती ऐकत राहते.
खालच्या तेओदोझिया बाई पाइपवर चमचा आपटतात.
रात्री अडीचला धुणं?
म्हणून सकाळी मुलीलाच घेऊन खाली गेलो.
त्यांनी तिच्या पायाचा अंगठा धरून पाहिला,
बोलल्या काही नाहीत.
त्या रात्री चमचा वाजला नाही.
दुसऱ्या रात्री वाजला, पण हळू.

काल बाल्टिकवर वारा चढला, क्रेन बंद, मी दुपारीच घरी.
डायपर घ्यायला फक्त नजर वळवली.
हात होता. हात जागच्या जागी होता.
त्याच्याखालून छाती सरकली आणि पाठ आली.
पालथी पडली होती.
मान ताणून आरशातल्या मला बघत होती,
एक मूठ वाकड्या कठड्यावर,
उतरायचा बेत पक्का असल्यासारखी.

संध्याकाळी कठडा उखडला. दोन खिळे वाकले.
"चार महिने," कालिना म्हणाली,
"मला वाटलं होतं, पाच टिकेल."

आता चटई स्वयंपाकघरात, जमिनीवर,
फ्रीज आणि खिडकी यांच्या मध्ये.
डबा लांब पडतो. थर्मासचं अजून ठरायचंय.
गुडघे कुरकुरतात.
टेबलाच्या पोटाला कुणीतरी चिकटवलेला च्युइंगम दिसतो,
आम्ही यायच्या आधीचा.
इतक्या खालून हे घर मी कधी पाहिलं नव्हतं.

ओझं आता हवेत नाही.
तरी डावा हात आपोआप जाऊन तिथेच बसतो,
आणि ती
दोन्ही पायांनी तो ढकलते.