भाग सातवा

स्विंडन. बॉयलर बंद, तिसरा दिवस.
शर्वाणी नि मी एका रजईत,
लॅपटॉप माझ्या पोटावर, तेवढाच गरम.

अ‍ॅनिमेतल्या चार मुली
अख्खा भाग एक चमचा शोधतायत.
"पुढे काय होतं?"
"काही नाही होत, बाबा. तू बघ ना."

त्यातली उंच, घुमी मुलगी
ओढायचं दार दर वेळी ढकलते.
आज तिनं हात उचलायच्या आत
मलाच हसू फुटलं.
शर्वाणीनं माझ्याकडे असं पाहिलं,
जणू मला पहिला दात आला.

चमचा सापडला का, आठवत नाही.

बेल वाजली. प्लंबर हॅडली,
सोमवारपासून "उद्या नक्की" म्हणणारा.
मी उठलो, घाईत दार ढकललं.
मागे रजईत खिदळणं
माझ्या हाताच्या आधीच सुरू झालेलं.